माळावरची जाळी

"दाजी, औंदा फेरी खालच्या अंगानं न्यायची ठरलीया," भिवा म्हणाला.

मी फडक्यानं जाळी पुसत होतो. जाळी म्हणजे रोपाभोवतीचं लोखंडी कुंपण. साडेचार फूट उंच, मीच केलेलं. आत वडाचं रोप होतं. जाळीला पत्र्याची पाटी होती आणि पाटीवर मी माझ्या हातानं रंगवलेलं नाव होतं: कै. सौ. हौसाबाई अंकुश मासाळ. सकाळचे साडेसात वाजले असतील. खाली रस्त्याकडून शाळेच्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

"खालच्या अंगानं का?"

"वर कुसळं लय हायती. पोरांच्या पायात जात्यात."

"आषाढात कुसळं?"

भिवा काठीचं टोक दगडावर घासत राहिला. तो हौसाचा धाकटा भाऊ. मेंढरांमागं हिंडण्यात त्याचा जन्म गेला. कुसळी गवताला कुसळं कधी येतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ती दिवाळीच्या सुमाराला येतात. माझ्यासारख्या वेल्डिंगवाल्यालाही ते ठाऊक होतं, कारण तीस वर्षं हौसानं माझ्या विजारीतून ती वेचून काढली होती.

"ठरवलं कुणी?"

"समद्यांनी मिळून."

"मला कुणी विचारलं नाही."

"तुमी दुकानात हुता," एवढं बोलून तो उतारानं खाली चालू लागला. मागं वळून पाहिलं नाही.

मी खिशावर हात ठेवला. खिशात हौसाचा पान-सुपारीचा चपटा डबा होता. त्या डब्यात जे होतं ते मला पोरांना दाखवायचं होतं, तेही इथं, या जाळीपाशी उभं राहून. त्यासाठी मी दोन महिने थांबलो होतो.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव माणदेशातलं, डोंबाळवाडी. गावाला एकशे ऐंशी एकर माळ आहे. सगळा गवताचा. आषाढातल्या पहिल्या रविवारी त्या माळाची बंदी सुरू होते. म्हणजे त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत एकही जनावर माळावर चरायला घालायचं नाही. गवत वाढू द्यायचं, बी पडू द्यायचं, मग कापून घरोघर वाटायचं. बंदीच्या दिवशी सगळं गाव जमतं. माळाच्या कडेनं अठ्ठावीस दगड पुरलेले आहेत. त्यांना चुना फासत माळाला फेरी घालायची आणि शेवटी म्हसोबाच्या दगडापाशी बसून घरटी एकानं शब्द द्यायचा. दगडावर हात ठेवायचा, आडनाव सांगायचं, आपल्याकडे जनावरं कोणती आणि किती ते सांगायचं आणि म्हणायचं, दिवाळीपर्यंत माळावर नाहीत. मग भाकरी आणि मटकीची उसळ.

हौसा गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. शिक्षण सातवी. पण गवतातला पवन्या कुठला, मारवेल कुठला, कुठल्या गवतात चंडोल घर करतो आणि टिटवी उघड्यावर अंडी का घालते, हे तिला बापामागं मेंढरं राखताना कळलेलं. तिनंच या फेरीत शाळेची पोरं आणायला सुरुवात केली. सातव्या दगडाशी आलं की ती फेरी थांबवायची आणि पोरांना घेऊन माळाच्या मधल्या उंचवट्यावर यायची. तिथं सगळ्यांना पोटावर झोपायला लावायची. "आता तुम्ही टिटवीएवढं झालासा. बघा, तिला काय दिसतं." पोरं पडून बघायची आणि जे दिसेल ते सांगायची. हाच तिचा धडा. नंतर बाहेरगावची माणसंही तो बघायला यायला लागली.

मी फेरीला दर वर्षी जायचो, पण मागं मागं. माझं दुकान फाट्यावर. दारं, खिडक्या, ट्रॉल्या, जाळ्या, हे माझं काम. माझ्याकडे जनावर नाही, म्हणून मी शब्द द्यायला कधी उठायचो नाही. सगळे शब्द देत असताना मी पंगतीच्या जागेपाशी बसायचो. हौसा चारचौघांत म्हणायची, "मिस्त्री, तुमचं काय हाय माळावर? तुमी नुसतं उसळीला येता." सगळे हसायचे. मीही हसायचो. खरंच होतं ते.

त्या वर्षी माघात ती गेली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत आटोपलं. दवाखान्यात ती मला म्हणाली, "मला नदीला नेऊ नका. माळावर टाका." एवढंच. दुसरं काही बोलायला तिला झालं नाही.

आमच्या गावात तेव्हा काही वर्षांपासून नवी रीत पडली होती. रक्षा नदीत सोडायची नाही, खड्ड्यात घालायची आणि त्यावर झाड लावायचं. स्मशानाच्या वाटेवर अशी तीसेक झाडं होती. त्यांच्या बहुतेक जाळ्या माझ्याच हातच्या. तिसऱ्या दिवशी सरपंच वडाचं रोप घेऊन आले. मी म्हणालो, हौसाचं झाड त्या वाटेवर नाही, माळावर लावायचं. ती पोरांना झोपवायची त्या उंचवट्यावर. तिचीच तशी इच्छा होती. कुणी काही बोललं नाही. भिवानं तोंड उघडल्यासारखं केलं होतं, हे मला नंतर आठवलं. पण त्यानं रक्षेची पाटी उचलली आणि माझ्या पुढं चालायला लागला.

मेंढरं अंग घासून जाळी पाडतात, म्हणून मी चारी पायांना खाली काँक्रीट केलं. बारा मिलीच्या चौरस बारची जाळी. इतकी मजबूत मी कुणाला करून दिली नव्हती.

दहाव्याचा पिंडही तिथंच ठेवला. कावळा येईना. माळावर कावळा कुठला? तास झाला, दीड तास झाला. ऊन चढलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिचं काय राहिलं असेल ते विचारायला लागले. शेवटी मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, हौसा, या झाडाला मी रोज पाणी घालीन, एक दिवस चुकणार नाही. थोड्या वेळानं ओढ्याकडून एक कावळा आला. आधी जाळीवर बसला. मग खाली उतरून पिंडाला शिवला.

मी शब्द पाळला. दुकानापासून माळ दोन किलोमीटर. सायकलच्या कॅरिअरला दोन कॅन बांधायचो आणि रोज सांजच्याला चढ चढायचो. फाल्गुन, चैत्र, वैशाख. एक दिवस चुकलो नाही. कावळा जाळीवर बसलेला असायचा. मी त्याला चतकोर भाकरी न्यायला लागलो. पुढं पुढं सकाळीही न्यायला लागलो. मग त्याची जोडीदारीण यायला लागली. मला बरं वाटायचं. घरी मला बोलायला कुणी नव्हतं.

वैशाखात जाळीखाली अंड्याची कवचं दिसायला लागली. मातकट, त्यावर काळे-तपकिरी ठिपके. अंडी टिटवीची, एवढं मी ओळखलं. काही बारकी होती, ती चंडोलाची असावीत. मला वाटलं, पाखरं हौसाच्या झाडाकडे यायला लागली. आळ्यात ओल असते, सावलीला येत असतील, जवळपास पिल्लं काढत असतील. दुकानातला कापूस डब्यात घातला आणि मिळेल ते कवच त्यात ठेवत गेलो. बंदीच्या दिवशी पोरांना जाळीपाशी आणायचं, डबा उघडायचा आणि सांगायचं, बघा, तुमच्या काकीकडे पाखरं आली. बोलायचं काय, तेही मी मनात तयार केलं होतं. मला बोलता येत नाही, म्हणून रोज सायकलवर घोकत होतो.

आणि भिवा सांगत होता, फेरी खालनं जाणार, उंचवट्यावर चढणारच नाही.

फेरी निघाली तेव्हा मी सगळ्यांच्या पुढं होतो. पन्नासेक पोरं, वीस-पंचवीस बाया, बाकी बापे. शाळेच्या बनसोडे बाई पोरांच्या मधोमध चालत होत्या. पोरांच्या हातात चुन्याचे डबे. पहिल्या दोन दगडांतच निम्म्या पोरांची तोंडं पांढरी झाली. मी पुढं जायचो, उंचवट्याकडे बघायचो, मागं यायचो, परत पुढं जायचो. एका जागी मला उभं राहवत नव्हतं.

त्यात माणसं माझ्याशी फार चांगली वागत होती. कुणी पाणी देतंय, कुणी "मिस्त्री, दमला असशीला" म्हणतंय. उस्मान मुलाणी एरवी मला बघितलं की दुकानाच्या गंजलेल्या पाटीवरून चिडवायचा. त्यानं त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. मी गेलो की बोलणारे गप्प व्हायचे आणि गवतावर बोलायला लागायचे. उंचवट्याकडे कुणी बघत नव्हतं. एवढ्या मोठ्या माळावर उभं असं एकच काही होतं, ते माझं होतं, आणि शंभर माणसांत त्याच्याकडे कुणाचीच नजर जात नव्हती.

चौथ्या दगडाशी मी बनसोडे बाईंना गाठलं.

"बाई, पोरांना सातव्यापासून वर नेऊया. हौसा न्यायची तसं. मला काही दाखवायचंय."

"काका, येताना बघू."

"येताना आपण पलीकडून येणार."

बाईंनी पदराच्या टोकानं घाम पुसला आणि एका पोराला उगाच ओरडल्या, चुना सांडू नकोस म्हणून. तो सांडत नव्हता.

मला कळून चुकलं. लोक हौसाला विसरायला लागले. पाच महिने झाले नाहीत तोवर. अंगणवाडीत दुसरी बाई लागलीच होती. तीस वर्षं जी बाई या लोकांच्या पोरांचा शेंबूड पुसत होती, तिच्या झाडापाशी पाच मिनिटं उभं राहायला यांना वेळ नाही. पाचव्या दगडाशी उस्मान मुलाण्यानं तंबाखूची डबी पुढं केली. मी त्याचा हात बाजूला सारला. जरा जोरातच. डबी गवतात पडली. त्यानं ती वाकून उचलली. त्याचंही मला वाईट वाटलं आणि तो काही बोलला नाही याचाही राग आला.

सातव्या दगडाशी फेरी थांबली. तिथून डावीकडे वळलं की उंचवटा. पण बाईंनी पोरांना उजवीकडे, ओघळीच्या बाजूच्या उतारावर नेलं.

"इथं झोपा," बाई म्हणाल्या. "रिझवाना, तू सांग सगळ्यांना."

रिझवाना उस्मानची थोरली. चौथीत होती. अंगणवाडीपासून हौसाच्या पायांत घोटाळलेली पोरगी. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हौसाच्या चालीत म्हणाली, "आता तुम्ही टिटवीएवढं झालासा." दोन-तीन बायांनी तोंडं फिरवली.

मला राहवलं नाही. मी पोरांच्या पुढं गेलो.

"थांबा. आधी हे बघा. मग झोपा."

मी डबा काढला. तो हौसाचा डबा आहे हे बायांनी ओळखलं. मी झाकण उघडलं आणि उकिडवा बसलो. पोरं भोवती गोळा झाली. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"ही अंडी," मी म्हणालो. "टिटवीची. चंडोलाची पण हायेत. काकीच्या झाडाखाली घावली. सतरा हायेत. पाखरं काकीकडं पिल्लं काढाय लागली."

पोरं वाकून बघत होती. रिझवानानं मला विचारून एक कवच उचललं. दोन बोटांत धरून फिरवलं. मग दुसरं उचललं. तिचं तोंड बारीक झालं.

"काका, ही पिल्लांची न्हाईत."

"म्हणजे?"

"पिल्लू आतनं फोडतं. रुंद अंगाला गोल टोपणागत निघतं. काकीनं दाखवलं हुतं. ह्याला बाहेरनं टोचलंय. बघा, कडा आत गेल्यात. आन आत पिवळं वाळलंय."

बाई म्हणाल्या, "रिझवाना, राहू दे आता."

"आन पिल्लू निघालं की टिटवी कवच उचलून लांब टाकती, बाई. एका जागी ठेवत न्हाई. सतरा एका जागी घावली म्हंजे..." ती थांबली. बाईंकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं. "सांग बाळ."

"म्हंजे कोन तरी तिथं बसून खातंय."

 मी मान वर करून एकेकाकडे बघितलं. उस्मान बुटाकडे बघत होता. सरपंच लांबच्या डोंगराकडे. भिवा काठीवर हनुवटी टेकून उभा होता आणि एकटा तोच माझ्याकडे बघत होता.

मग बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "चला, पुढचा दगड. उशीर झालाय." पोरं उठायला लागली.

मी डबा मिटला, बाजूला ठेवला आणि तिथंच पोटावर आडवा झालो. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि माझा उजवा गुडघा दुखायचा. एक पोरगं हसलं, त्याला कुणीतरी गप्प केलं. तीस वर्षांत हौसानं मला कितीदा म्हटलं होतं, तुमीबी झोपा की. मी कधी झोपलो नव्हतो. कपडे मळतील म्हणायचो, आणि दिवसभर ग्रीससारख्या काळ्या विजारीत असायचो.

हनुवटी मातीला टेकली. डोळ्यांपुढं गवताची पाती. पात्यांवरून वर चढत गेलेला उतार. उताराच्या वर आभाळ. डावीकडे गवत, उजवीकडे गवत. म्हसोबाचा दगड दिसत नव्हता. चुना लावलेला एकही दगड दिसत नव्हता. माणसं दिसत नव्हती, ती माझ्या मागं होती. आणि उताराच्या माथ्यावर, आभाळात घुसलेली, माझी जाळी. काळी, चौकोनी, सरळ. तेवढी एकच वस्तू जमिनीतून वर आलेली. तिच्यावर कावळा बसला होता. मान खाली घालून तो गवतात बघत होता, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. तिथून त्याला सगळा माळ दिसत असणार. मग त्यानं मान उचलली आणि आमच्या बाजूला बघितलं. मी सकाळची भाकरी दिली नव्हती. तो माझी वाट बघत असावा.

दहाव्याला मी मनाशी म्हणालो होतो, माळावर कावळा कुठला. हौसा पोरांना हेच शिकवायची. माळावर कावळ्याला बसायला जागा न्हाई, म्हणून टिटवी हाय. हे मी मागं उभा राहून दर वर्षी ऐकलं होतं.

मला उठता येईना. भिवानं काखेत हात घालून उठवलं. बाईंनी पोरांना पुढं नेलं होतं. आम्ही दोघंच राहिलो.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चैतापासनं."

"गावाला?"

"गावालाबी."

"म्हणून फेरी खालनं?"

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मला सांगितलं का नाहीस, भिवा?"

"काय सांगू? तुमी सायकलला क्यान बांधून चढ चढताना मी मेंढरांतनं रोज बघत हुतो, दाजी." त्यानं डबा उचलला, त्याला लागलेलं गवत झाडलं आणि माझ्या हातात दिला. "म्हटलं, अंडी काय, पाखरं फुडच्या साली बी घालतील. तुमचं फुडच्या साली काय असंल ते ठावं न्हाई."

मी डबा खिशात घातला.

"तिनं काय केलं असतं?" मी विचारलं.

"खड्डा खणतानाच शिव्या दिल्या असत्या तुमाला," भिवा म्हणाला. "मला आधी. रक्षेची पाटी मी उचलली हुती."

फेरी पुरी व्हायला साडेअकरा वाजले. मी शेवटच्या दगडापर्यंत सगळ्यांबरोबर गेलो. म्हसोबापाशी लोक गोल करून बसले. बाजूला उसळीचं पातेलं उतरवून ठेवलं होतं आणि त्यावर परात झाकली होती. मी माझ्या नेहमीच्या जागेवर, पंगतीपाशी बसलो. बसलो, उठलो, परत बसलो.

शब्द सुरू झाले. म्हातारे आधी, मग बाकीचे. भिवा उठला, दगडावर हात ठेवला. "हाके. मेंढरं बासष्ट. दिवाळीपत्तूर माळावर न्हाईत." उस्मान उठला. "मुलाणी. शेरडं अकरा. दिवाळीपत्तूर माळावर न्हाईत." एक म्हातारी उठली, तिची एकच म्हैस, तिनं म्हशीचं नावही सांगितलं. असं करत सगळे झाले. सरपंच पंगतीला चला म्हणणार, तेवढ्यात मी उठलो.

गोलाच्या मधून चालत मी दगडापर्यंत गेलो. इतक्या वर्षांत त्या दगडाला माझा हात लागला नव्हता. चुना अजून ओला होता.

"मासाळ," मी म्हणालो. मागच्यांना ऐकू गेलं नसावं, परत म्हणालो. "मासाळ. एक झाड, एक जाळी. माळावर नाहीत."

 त्या म्हशीवाल्या म्हातारीनं हलकेच सांगितलं, "दिवाळीपत्तूर म्हणायचं असतंय, मिस्त्री."

"दिवाळीनंतरही नाहीत," मी म्हणालो.

मी पंगतीला थांबलो नाही. दुकानात गेलो. गॅस कटरनं दहा मिनिटांत काम झालं असतं, पण ठिणगी गवतात पडली तर काय, म्हणून मी हातानं कापायचा हॅकसॉ घेतला, पहार घेतली आणि सायकल वर काढली. भिवा आधीच येऊन बसला होता. त्यानं पानात बांधून माझी भाकरी आणि उसळ आणली होती.

एका पायाला अर्धा तास लागला. हॅकसॉचं पान दोनदा मोडलं. मी फार चांगली जाळी केली होती. भिवा बार धरून बसला, मी कापत राहिलो. कावळा आला, वर घिरट्या घातल्या, बसायला जागा बघितली आणि ओढ्याकडे निघून गेला. मग आम्ही काँक्रीटचे चार गोळे पहारीनं उखडले. शेवटी रोप राहिलं. पाच महिन्यांत त्यानं हातभर वाढ घेतली होती. नऊ-दहा नवी पानं होती, तांबूस, चकचकीत. मी भोवतीनं खणलं, पण उपसायला माझा हात जाईना. भिवा म्हणाला, "सरा." मी सरलो नाही. दोघांनी मिळून उपसलं.

मुळांना रक्षेनं पांढरट झालेली माती चिकटली होती. भिवानं खड्ड्यावर रोप धरलं आणि ती माती बोटांनी सुटी करून खाली पाडली. एकेक मूळ सोडवत, सावकाश. सगळी माती खाली पडल्यावर त्यानं रोप माझ्या हातात दिलं. मग आम्ही खड्डा बुजवला. भिवानं आजूबाजूचे गवताचे चार गड्डे काढून वर लावले आणि पायानं दाबले. कॅनमधलं पाणी राहिलं होतं, ते मी त्यावर ओतलं.

"उद्या येऊ नका पाणी घालायला," भिवा म्हणाला. "गवताला लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी सायकलला कॅन बांधले. चढाच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्या दिवशीही तसंच केलं.

वड मी दुकानाच्या दारात लावला. जगला. आता पत्र्यावर त्याची सावली पडते. कावळे बसतात, मी त्यांना भाकरी टाकतो. पाटी अंगणवाडीच्या भिंतीवर आहे. जाळीचा बार मी दुसऱ्या कशाला वापरला नाही, तो मागं तसाच पडून आहे. उस्मान येता-जाता विचारतो, मिस्त्री, भंगारात घालायचा का? त्याला माहीत आहे मी काय उत्तर देणार.

बंदीच्या दिवशी मी आता शब्द द्यायच्या ओळीत उभा राहतो. माझं काही नसतं. पण हात ठेवतो आणि म्हणतो, मासाळ, काही नाही. लोकांनाही त्याची सवय झाली आहे.

धडा पुन्हा उंचवट्यावर होतो. रिझवाना कॉलेजातून सुट्टी काढून येते आणि तीच घेते. ती सगळ्यांना झोपायला सांगते, तेव्हा मी भिवाचा हात धरून आडवा होतो. पोरं जे दिसेल ते ओरडून सांगतात. नाकतोडा, ढग, कुणाचा तरी पाय. मी ती जागा शोधत असतो. त्या वर्षी चार पावलांवर होती, पुढच्या वर्षी गवत जरा वेगळं वाटत होतं, मग तेही वाटेना. आता भिवालाही नक्की सांगता येत नाही. एकदा तो म्हणाला, इकडं असंल, आणि लगेच म्हणाला, का तिकडं.

रिझवाना रांगेनं विचारत येते. माझ्यापाशी आली की तीही विचारते, "काका, तुम्हाला काय दिसतंय?"

"गवत," मी सांगतो.

"कुठल्या बाजूला?"

"चारी बाजूंना."